अटकेसाठी हटून बसलेल्या बाई

नोकरीत पाहिलेल्या बऱ्याच गोष्टी मी विसरायचा प्रयत्न करत असतो. त्या पोळ्याच्या दिवसाची घटना मात्र मुद्दाम आठवतो, कारण ती आठवली की मला हसू फुटतं आणि घरचे विचारतात, एकटेच काय हसता? नेहमीप्रमाणे इथे कुणाचंही नाव लिहिलेलं नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्या बाईंना नाव छापून यायला अजिबात हरकत नव्हती. उलट छापलं नाही म्हणून त्या मला चार शब्द सुनावतील.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. नागपूरच्या दक्षिण टोकाला, हुडकेश्वरच्या बाजूला, जिथे शेतं संपतात आणि घरांसाठी पाडलेल्या प्लॉटचे लेआऊट सुरू होतात, तो भाग माझ्या ठाण्याकडे होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत आणि त्यांच्यामागून बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. महागाई, रस्त्यातले खड्डे, पुढारी, कुणी सुटत नाही. शेवटी ते पुतळे जाळतात. त्या बंदोबस्तासाठी माझं निम्मं मनुष्यबळ जाणार होतं, म्हणून पोळ्याच्या दुपारी मी ड्युटीचा तक्ता लावत बसलो होतो.

बाराच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. पलीकडे एक बाई होत्या. "एक गोपनीय खबर आहे, लिहून घ्या," असं म्हणून त्यांनी लेआऊटचं नाव, प्लॉट नंबर, जवळची पाण्याची टाकी आणि पिनकोड सांगितला. कंपाउंडच्या आत गांजाची शंभरेक झाडं उभी आहेत, तीनच्या आत आलात तर मालकीणही जागेवर सापडेल, असंही सांगितलं. नाव विचारल्यावर फोन ठेवला.

"साहेब," अंमलदार म्हणाला, "खबऱ्या पिनकोड नाही सांगत."

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण खबर म्हणजे खबर. स्टेशन डायरीत नोंद घेतली, वरिष्ठांना लेखी कळवलं आणि नव्या फौजदाराला दोन पंच, एक महिला शिपाई आणि एक हवालदार देऊन पाठवलं. पोरगा मेहनती होता. दोन महिन्यांपूर्वीच प्रशिक्षण संपवून आला होता आणि या कायद्याखालचा हा त्याचा पहिला छापा होता. शहरात फ्लॅटमध्ये वाढलेला. गांजाचं पान त्याने पुस्तकातल्या फोटोत पाहिलेलं होतं.

तीन वाजता तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता. दोन पोती मुद्देमाल, तोंडाला लाखेची मोहर, पंचांच्या सह्या, चार पानी पंचनामा. कागदात बोट ठेवायला जागा नव्हती. आणि सोबत प्लॉटची मालकीण.

वय अडुसष्ट, शहराच्या मध्यवस्तीत, धरमपेठेत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. हातात कापडी पिशवी. महिला शिपायाने ती तपासली तर आत रक्तदाबाच्या गोळ्या, टॉवेल, शाल, दंतमंजन आणि एक जाडजूड पुस्तक निघालं. बाई कोठडीची तयारी करून आल्या होत्या.

"प्लॉट माझा, झाडं माझी," त्या समोरच्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "गांजाचीच आहेत आणि मला हे माहीत आहे. आता लवकर अटक करा. सूर्यास्तानंतर बाईमाणसाला अटक करता येत नाही तुम्हाला. उद्यावर गेलं तर माझं सगळं वेळापत्रक कोलमडेल."

तीस-बत्तीस वर्षं मी चौकशा केल्या. पोतं डोक्यावर असतानाही 'हे माझं नाही' म्हणणारे पाहिले. कबुली द्यायला एवढी घाई झालेला आरोपी मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

"फोनही तुम्हीच केला होता?"

"मग आणखी कोण करणार? बाकीच्यांना धीर होत नाही."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सहा वर्षांपासून बाई आणि त्यांचे दहा-बारा सोबती एक मोहीम चालवत होते. सकाळी फिरायला येणाऱ्या लोकांना थांबवून सह्या घ्यायच्या, मंत्र्यांना पत्रं लिहायची. मागण्या तीन. धागा आणि बियांसाठी या झाडाची लागवड परवाना देऊन करू द्या. रुग्णांसाठी औषध करू द्या. आणि चिमूटभर माल सापडलेल्या पोराला सराईत गुन्हेगारांबरोबर डांबण्याऐवजी डॉक्टरकडे पाठवा. बाई शाळेत हस्तकला शिकवायच्या. दोर, पिशव्या, कागद, या झाडाचं काय काय होतं ते त्या मला बोटावर मोजून सांगत होत्या. मध्येच त्यांचा आवाज जरा खाली आला.

"आमच्या यांना शेवटच्या वर्षी फार वेदना होत्या. डॉक्टर म्हणाले, परदेशात याचं औषध देऊन पाहतात, पण मी इथे लिहून देऊ शकत नाही. तेव्हापासून पत्रं लिहिते आहे. एकाचंही उत्तर नाही. खटला उभा राहिला तर निदान न्यायाधीशांना माझं ऐकून घ्यावं लागेल."

"बाई, लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे."

"तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची असेन. वाचायचं पुष्कळ राहिलं आहे."

मला त्यांचं पटलं नव्हतं. नशेने वाया गेलेली पोरं आणि त्यांच्या आया मी जवळून पाहिल्या आहेत, आणि तसं मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "नशेच्या विरोधात मीही आहे हो. म्हणून तर कायदा शहाणा हवा." सणाचा दिवस होता, म्हणून मी त्यांना चहा आणि करंजी दिली. पण पेचात मीच सापडलो होतो. खबर पक्की, पंच पक्के, मोहर पक्की, वर कबुली. गुन्हा दाखल केला की ही बाई तुरुंगात जाणार आणि जामिनासाठी किती महिने लागतील ते देवाला ठाऊक. न करावा तर पकडलेला मुद्देमाल मीच सोडून दिला, असं कागदोपत्री दिसणार. सूर्य मावळायला तीन तास होते.

तेवढ्यात छाप्यावर गेलेला हवालदार दिसला. खिडकीजवळ उजेडात बसून सुईने तळहात कोरत होता.

"काय झालं गा?"

"झाडं उपटता उपटता काटे घुसले साहेब. बारीक बारीक हायेत, निघूनच नाही राहिले."

मी त्याचा हात ओढून नाकाशी नेला. मातीचा वास. बस. आजवर मी गांजाची किती पोती हाताळली असतील. हाताला चीक लागतो आणि दोन दिवस साबण लावला तरी वास जात नाही. काटा मात्र एकदाही लागला नव्हता. पोती उघडून पाहावीत तर त्यांना मोहर लागलेली. ती मी एकट्याने फोडली असती तर वकिलांची दिवाळी झाली असती. जागेवर तपासणी करायचं किट संपलेलं होतं, आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला कित्येक आठवडे लागतात.

मी विचार करत उभा असतानाच फाटकावर आरडाओरडा सुरू झाला.

"कोन साहेब हाय इथचा? माही भाजी काहून उपटली?"

बाईंच्या प्लॉटशेजारी राहणारी एक बाई होती. शेत विकलं गेलं तरी घर तिथेच राहिलेलं, असं कुटुंब. पन्नाशीची, कासोटा घट्ट, एका हातात स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात हिरवी फांदी. शिपाई आडवा आला तर त्याला हाताने बाजूला सारून ती थेट आत आली.

"कोणती भाजी?" मी विचारलं.

"कोनती म्हंजे? अंबाडी! दोन महिने झाले, भितीवरून हात घालून तोडून राहिली मी. बाई रोज पानी देते, पन एक पान तोडत नाही. मले वाटलं, इले अंबाडी आवडत नसन. आज पाहाते तं पोलीसवाल्यानं सारी उपटून नेली. सनासुदीले कोनाच्या तोंडचा घास काढता का गा?"

तिने डब्याचं झाकण उघडलं. तुरीची डाळ आणि लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी. मी एक बोट चाखलं आणि डोळे मिटले. तीच आंबट चव. माझी आई करायची तशी. फांदीवरची पानं हाताच्या पंजासारखी फाटलेली होती, दिसायला अगदी गांजासारखी. आणि देठाला बारीक काटे.

धरमपेठेत अंबाडीची खुडलेली पानं जुडी बांधून येतात. उभं झाड बाईंनी जन्मात पाहिलेलं नव्हतं, आणि फौजदारानेही; हवालदार आणि पंच साहेबाच्या शब्दावर विसंबले होते. मी एक पान तोडून बाईंपुढे केलं. "चावून पाहा."

बाईंनी चावलं. मग हळूच शेजारणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दहा वर्षांची शिक्षा ऐकून ज्यांची पापणी हलली नव्हती, त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे मी चार महिने अंबाडीला पाणी घातलं?"

मला खूप वाईट वाटलं, आणि त्याच वेळी ओठ दाबून धरावे लागले.

मग बी आलं कुठून? बी दिलं होतं त्यांच्या मंडळाच्या चिटणिसांनी. बँकेतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. ते ठाण्याच्या बाकड्यावर येऊन बसलेलेच होते. आत बोलावलं तर त्यांनी सांगितलं की पुडी हिमालयाकडून आली होती, तीच बाईंना दिली, बाकी मला काही माहीत नाही. हे सांगताना ते माझ्याऐवजी पंख्याकडे पाहत होते. मी विचारलं, "तुमचं गाव कोणतं? घरी अंबाडी पेरता का?" पुढचा प्रश्न विचारावाच लागला नाही.

"मीच बदललं साहेब. आलेली पुडी मी चुलीत टाकली अन् गावची अंबाडी दिली. यायले जेलात कसं जाऊ देऊ? यायच्यासोबत सहा वर्षं फिरून राहिलो. या नसन तं आमची मोहीमच खतम."

"आणि मला सांगितलं नाहीत?" बाई कडाडल्या.

"सांगतलं असतं तं तुम्ही दुसरी पुडी आणली असती."

ते खरंच होतं.

पुढची धावपळ सांगण्यासारखी आहे. कृषी अधिकाऱ्याला घरून उचलून प्लॉटवर नेलं. कपाळावर टिळा, अंगात नवा कुर्ता, तोंडात अर्धी पुरणपोळी. भिंतीलगत राहिलेली झाडं त्याने गाडीतून उतरायच्या आधीच ओळखली. त्याच पंचांसमोर मोहर फोडून पोती तपासली, दुसरा पंचनामा झाला, वरिष्ठांना अहवाल गेला. शेजारीण उभी राहून पोत्यांतली भाजी मोजून घेत होती. फौजदाराचं तोंड उतरलं होतं. मी त्याला म्हटलं, "पुस्तकात पानाचा फोटो असतो. हात लावून पाहायचं काम आपलं." आज तो चांगला अधिकारी आहे.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. दुसऱ्या दिवशी या मंडळाचा बडग्या मिरवणुकीत निघणार होता. जाड भिंगांचा चष्मा लावलेला 'जुना कायदा'. अंबाडीची बातमी फुटली असती तर बाईंचं अख्ख्या नागपुरात हसं झालं असतं आणि सहा वर्षांची मेहनत चेष्टेवारी गेली असती. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, ठाण्यातून शब्द बाहेर जाणार नाही. तुम्ही निवांत घरी जा."

"मुलांना आयुष्यभर सांगत आले की चूक झाली तर वर्गासमोर उभं राहून सांगायची," त्या म्हणाल्या. पिशवी खांद्याला लावली आणि गेल्या.

सकाळी मी बंदोबस्तावर होतो. माणसांचा समुद्र, ढोल, 'घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्या. त्यांचा बडग्या आला तेव्हा त्याच्या गळ्यात अंबाडीच्या पानांची माळ होती आणि बाई गाडीवर माईक घेऊन उभ्या होत्या.

"मी गांजा म्हणून अंबाडी पेरली आणि काल स्वतःच पोलिसांना बोलावलं," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. असा हशा पिकला की ढोलवाले थांबले. बाई हशा ओसरेपर्यंत थांबल्या. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या होत्या. "मी चुकले. सहा वर्षं या झाडासाठी भांडते आणि मला ते ओळखता येत नाही. पकडायला आलेल्या साहेबांनाही येत नाही. मग ज्याला कुणीच ओळखत नाही, त्याच्याबद्दलचा कायदा एकदा नीट वाचून पाहायला काय हरकत आहे?"

पुन्हा हसू उसळलं, पण या वेळी ते बाईंच्या बाजूचं होतं. लोक हसत हसत गाडीला भिडले आणि सह्यांसाठी कागद पुरेनात. चिटणीस काका घामाघूम होऊन कागद मागत धावत होते. मी टोपी सारखी केली आणि रहदारीकडे पाहू लागलो.

तुरुंगात जायला तयार असलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यात एक रुबाब असतो. पण शहरासमोर उभं राहून 'मी वेडेपणा केला' असं सांगायचं, आणि त्याच दमात आपलं काम पुढे रेटायचं, हे धैर्य मी त्या एकाच बाईत पाहिलं. कायदा मोडणारे आणि कायदा बदला म्हणणारे यांना मी आयुष्यभर एकाच नजरेने पाहत आलो होतो. त्या पोळ्याने ती सवय मोडली. कायदा अजून आहे तिथेच आहे, आणि नशेच्या मुद्द्यावर मी आजही बाईंशी भांडतो.

भांडणं हल्ली रविवारी सकाळी होतात, कारण निवृत्तीनंतर बाईंनी मला मंडळात ओढलं. लोकांना कायद्याची कलमं समजावून सांगायचं काम माझ्याकडे आहे. घरोघरी जातो. दार ठोठावायची सवय मला जुनीच, त्यामुळे माझी थाप जरा जोरात पडते आणि आतली माणसं दचकून दार उघडतात. मग बाई मला मागे सारून पुढे होतात आणि हसून सांगतात, "घाबरू नका. हे आधी पोलीस होते, आता सुधारले आहेत."