अनोळखी ओढणीमागे

मी इंदूर सोडलं त्या दिवशी बाबा मला स्कूटरवरून स्टेशनला सोडायला निघाले होते. माझ्या मांडीवर बॅग. बाबांचा उपदेश चालू होता, "वेळेवर जेवत जा, आणि..." तेवढ्यात पुढच्या स्कूटीवरच्या मुलीची ओढणी चाकाकडे लोंबताना त्यांना दिसली. ती मुलगी गावाबाहेर राऊच्या रस्त्याला वळली. बाबाही वळले. स्टेशन राहिलं पाठीमागे.

"बाबा, ट्रेन निघून जाईल."

"ट्रेन दुसरी भेटेल रे," म्हणत त्यांनी स्कूटर दामटली. "बेटा, चुन्नी! चुन्नी संभालो!"

मुलीने थांबून ओढणी आवरली. बाबांनी स्कूटर फिरवली आणि उपदेश जिथे तुटला होता तिथूनच सुरू केला, "...आणि रोज दही खात जा." ट्रेन मी धावत पकडली. नमस्कार करायचा राहूनच गेला.

तिकडे इंदुरातच राहिलेल्या तुम्हा मंडळींना यात काही विशेष वाटणार नाही. आपल्याकडे कुणाचं स्टँड खाली राहिलं, डिकी उघडी राहिली, की चार जण ओरडून सांगतात. नोकरीसाठी आलो त्या बंगळुरूत मात्र मी कित्येक वर्षं तोंड मिटून गाडी चालवली. कन्नड येत नाही, शिवाय अनोळखी बाईच्या मागे स्कूटर घालणाऱ्या पुरुषाला लोक काय समजतात, हे माझ्यासारखे बाहेर पडलेले जाणतातच.

मागच्या आठवड्यात ऑफिसला जाताना पुढच्या स्कूटीवरच्या एका बाईंची ओढणी अशीच दिसली, चाकाला टेकायला आलेली. मी भीतभीत हॉर्न दिला. बाईंनी आरशात मला पाहिलं आणि वेग वाढवला. आता त्यांना काही झालं असतं तर ते माझ्यामुळेच. मग मी लाज सोडली आणि "ओ दीदी, चुन्नी! चुन्नी!" असं ओरडत मागे लागलो.

एका रिक्षावाल्याने रिक्षा मला आडवी घातली. मार खायची तयारी ठेवून मी नुसतं बोटाने ते चाक दाखवलं. त्याने पाहिलं, आणि मला सोडून तोच बाईंच्या मागे सुटला. सिग्नलला गाठून त्याने त्यांना थांबवलं. बाईंनी ओढणी कमरेला बांधली आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या.

रिक्षावाला माझ्याकडे वळला. वाटलं, शाबासकी मिळणार.

"हेल्मेट का पट्टा कौन लगाएगा? घर में कोई बोलने वाला नहीं है क्या?"

मी मुकाट्याने पट्टा लावला. या शहरात मला इतक्या हक्काने कुणी रागावलं नव्हतं. डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

संध्याकाळी बाबांनी फोनवर नेहमीसारखं विचारलं, "कुठे आहेस?" इतकी वर्षं मी "रूमवर" म्हणायचो. त्या दिवशी "घरी" म्हणालो.