काळी दोन आणि कानातले बोळे

कानठळ्या बसल्या म्हणजे कार्यक्रम रंगला, असं मानणाऱ्या लोकांची मला शिसारी येते. सौम्य शब्द मुद्दामच वापरत नाही. मी भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात सामना असला की दोन पार्ट्या समोरासमोरच्या स्टेजवर बसून सवाल-जवाब गातात, आणि शब्दाने हरवता आलं नाही की स्पीकरने हरवतात. कोणाच्या बाजूला किती बॉक्स रचले यावर इज्जत ठरते. गाणं कोणाला हवंय? छाती हादरली पाहिजे.

माझा डावा कान यातच गेला. त्यात आता दिवसभर रातकिडे ओरडतात. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येत नाही, उजवा सांभाळा, नाहीतर पेटी सोडा. म्हणून वादकांसाठी मिळतात तसले सिलिकॉनचे बोळे मागवले. त्यातून सूर येतो, मार तेवढा अडतो.

या हिवाळ्यात अल्लीपूरला दुपारी माइक टेस्टिंगला बसलो, तर आयोजकाची नजर नेमकी माझ्या कानावर.

"मास्तर, बोळे काऊन कोंबले? आमचा साउंड पसंत नाई काय?" तंबाखूचा खर्रा चघळून लाल झालेलं तोंड उघडं टाकून तो हसला. "लोक म्हणतीन, पेटीवाला बयरा आणला!"

बहिरा होऊ नये म्हणूनच घातलेत, हे मी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. वर त्याने एक बॉक्स सरकवून माझ्या उजव्या कानाशी आणला, पाहुणचार केल्यासारखा.

आमच्या पार्टीची गायिका, जिला मी कित्येक वर्षं साथ करतोय, तीही त्याचीच री ओढायला लागली. "काढा ना दादा, बरं नाई दिसत. अन् साउंडवाले भाऊ, वाढवा अजून!" प्रत्येक कार्यक्रमात तिचं हेच, वाढवा आणि वाढवा. मला तिचाही वीट आला. बोळे काढून खिशात टाकले.

तेवढ्यात लाइट गेली. मांडवाबाहेर चहावाला कप विसळत होता, तेही ऐकू यायला लागलं. मी नेहमीसारखी तिची पट्टी, काळी दोन, दाबून हलकेच सूर धरला. तिने डोळे मिटून आलाप घेतला, तो भलत्याच सुरात, अगदी बिनधास्त. मी "ताई" म्हटलं. पुन्हा मोठ्याने म्हटलं. ढोलकवाल्याने मान खाली घातली, त्याला बहुतेक आधीच ठाऊक होतं. ती गातच राहिली.

डोळे उघडून तिने आमचे चेहरे पाहिले आणि थांबली.  मी खिशातले बोळे काढून तिच्यापुढे धरले.

"मले आता कायले?" ती म्हणाली. "तुम्हीच घाला. पार्टीत एकाले तरी आयकू आलं पायजे."

लाइट आली. बॉक्स पुन्हा गुरगुरले. आयोजक लांबून ओरडला, "अजून वाढवू काय?"

मी बोळे घातले. पेटी उचलून बॉक्सपासून दूर, तिच्या गुडघ्याशी थोडी पुढे मांडली. माझी बोटं तिला दिसतील अशी.