पलूसच्या बोर्डावरचा आवाज

"ऐकताय न्हवं?" दर चार वाक्यांमागं बाई हे विचारायच्या आणि उत्तराची वाट न पाहता पुढं बोलू लागायच्या. मी रस्त्याकडेच्या खांबावर, कमरेला पट्टा, कानाला टेस्टिंगचा फोन. बाई पलूसच्या टेलिफोन एक्स्चेंजात, दिवसपाळीला बोर्डासमोर. मधे मैलोन्‌मैल तार. आमची ओळख एवढीच होती आणि ती बरीच वर्षं पुरली.

मी रहिमतपूरला लाईनमन होतो. त्या काळात तुम्ही ट्रंककॉल केला असेल तर आठवत असेल, बोलता बोलता मधलेच दोन शब्द गायब व्हायचे. तार तुटली तर शोधायला सोपी, लोंबताना दिसते. पण मधेच बोलणारी आणि मधेच गप्प होणारी तार म्हणजे डोक्याला ताप. आपण खांबावर चढलो की शहाण्यासारखी वागते आणि सायकलवर टांग टाकली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

अशा तारेवर इलाज एकच. पलीकडच्या टोकाला कुणीतरी सतत बोलत राहायचं आणि आपण एकेका खांबावर चढून ऐकत पुढं सरकायचं. शब्द गळत असले तर दोष अजून पुढं आहे, नीट ऐकू आले तर तो मागं राहिला. बाकीचे ऑपरेटर यासाठी आकडे म्हणायचे. बाईंना ते पसंत नव्हतं. पाचानंतर सहा येणार हे कानाला आधीच ठाऊक असतं, सहा गळाला तरी कान तो आपल्या पदरचा घालून घेतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या पुढं काय येईल याचा पत्ता लागणार नाही असं बोलायच्या.

म्हणजे काय बोलायच्या? समोरच्या बोळातली शेळी कुणाच्या पाटीतली मेथी खाऊन गेली ते. शेजारणीनं चटणीला मिरच्या वाळत घातल्या आणि सगळा बोळ कसा शिंकत बसला ते. घरमालकिणीचा जावई जेवायला बसला की उठतच नाही, ते. मधेच माझ्यावर यायच्या. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी मी बुटका आणि पोट सुटलेला असणार अशी त्यांची खात्री होती. "आवं लाइनवाले, जपून उतरा. खांब वाकंल." मी खरं तर काटकुळा माणूस, पण ते कधी बोललो नाही. त्यांच्या मनातला बुटका मला आवडू लागला होता.

माझी बायको-मुलं गावाकडं, मी रहिमतपुरात एका खोलीत. दिवस दिवस माझ्याशी कुणी बोलायचं नाही. स्वभावानं मी आधीच घुमा. बाई विधवा, एक्स्चेंजच्या मागं भाड्यानं एकट्या राहायच्या. भावाचं गावातच बी-बियाण्याचं दुकान होतं, पण तिकडं त्या फारशा जात नसत. वहिनी वाईट नव्हती. फक्त बाई तिच्याकडं गेल्या की ती कामाला लागायची आणि बाईंनी कुणाशी बोलावं हा प्रश्न उरायचा.

त्या वर्षी भर उन्हात शब्द गळू लागले, संध्याकाळी तार ठणठणीत. बऱ्याच खटपटीनंतर दोष सापडला. तारेचा एक जुना जोड उन्हानं ढिला पडायचा आणि गारवा आला की पुन्हा धरायचा. जोड नवा केला, कथलाचा डाग दिला आणि बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, बरं झालं. मग मी टेस्टिंगचा फोन तारेवरून काढून घेतला. नीट चालणाऱ्या तारेवर रिकाम्या गप्पा मारायला आम्हाला परवानगी नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. पलूसच्या बोर्डावरून बोलताना शब्द गळतात, असं बाकीचे ऑपरेटर म्हणायचे, आणि तेही दिवसाच. मागचा बिघाड उन्हाचा होता म्हणून मी यंदाही उन्हालाच दोष दिला. जोड तपासले, तार बांधायच्या फुटलेल्या चिनीमातीच्या वाट्या बदलल्या, तारेवर आलेल्या बाभळीच्या फांद्या छाटल्या. बाई बोलत होत्या, मी ऐकत होतो. शब्द गळतच होते, म्हणजे दोष अजून पुढं. असा खांबाखांबानं मी पलूसकडं सरकत गेलो. अंगाची लाही होत होती, पण खोटं कशाला बोलू, मला ते दिवस चांगले वाटत होते.

आणि एक दिवस पुढं खांबच उरला नाही. शेवटचा खांब एक्स्चेंजच्या दारातच होता. वर चढलो, फोन जोडला. समोर खिडकी उघडी. बोर्डापुढं एक उंच, सावळी बाई बसली होती, कानावर हेडफोन. ती घरमालकिणीच्या जावयाचं काहीतरी सांगत होती. मधेच आवाज थांबला. ओठ हलत होते, हात गळ्यावर गेला होता आणि फोनमधून काय, उघड्या खिडकीतूनही काही ऐकू येत नव्हतं. मग आवाज आला, जावई हात धुवायला उठला होता.

मी खाली उतरून आत गेलो. बाईंनी हेडफोन काढला. बुटका नसलेल्या माझ्याकडं त्यांनी एकदा खालून वर पाहिलं.

"तार बरी हाय, बाई," मी म्हणालो.

"ठाव हाय."

मला राग आला. एवढे खांब मी चढलो होतो, हाताला फोड आले होते. आधी सांगायचं न्हाई व्हय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

त्यांनी हेडफोन बोर्डावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुमी शोधत हुता तवर मला वाटायचं, आसंल बी तारंतच."

माझा राग कुठल्या कुठं गेला. गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं होतं म्हणाल्या, दिवाळीपासून. डॉक्टरला दाखवलं नव्हतं. आवाज बिघडला असं कळलं की बोर्डावरून उठवतील, मग भावाच्या घरी कोपऱ्यात बसायचं. तिथं आपल्याशी बोलणार कोण, एवढंच त्यांनी मला दोन-तीनदा विचारलं. मी तसाच त्यांच्या भावाच्या दुकानात गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना मिरजेला घेऊन गेला. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव राहिला, आवाज गेला.

मी दवाखान्यात एकदा जाऊन आलो. त्या झोपल्या होत्या. उशाशी मोसंबी ठेवली आणि गाडी धरली.

पावसाळा सरता सरता आमच्या लाईनमनच्या खोलीतला फोन दुपारचा वाजू लागला. उचलला की पलीकडं कुणी नाही, नुसता श्वास. पलूसच्या बोर्डावर आता एक मुलगी बसायची, बाईंनीच शिकवलेली. बाई आता भावाकडं राहायच्या; त्याच्या बी-बियाण्याच्या दुकानातून फोन आल्याची खूण बोर्डावर पडली आणि नंबर सांगायला कुणी बोललं नाही, की ती तो फोन आपणहून माझ्याकडं जोडून द्यायची. मी तरी काय बोलणार? आज कोरेगाव रस्त्यानं जाणार, वारं लय हाय, असलं काहीतरी. थोड्या वेळानं तिकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा.

खोलीत नव्यानं बदलून आलेला एक सहकारी होता. फोन वाजतो आणि बोलत कुणी नाही, म्हणजे लाईनीत दोष आहे, जाऊन बघायला हवं, असं तो मला बजावायचा. मी बघतो म्हणायचो.

संक्रांतीनंतर एक दिवस सकाळीच फोन आला. पलूसची मुलगी होती. बाई रात्री गेल्या, एवढंच सांगून ती रडू लागली.

पुढं आठवडाभरानं दुपारी डबा खाताना तो सहकारी फोनकडं बघून म्हणाला, "त्या लाईनीचा बिघाड आपोआपच गेला की गड्या."

मी व्हय म्हणालो.