वसंता आणि हेलियम

वसंता गेल्याचं मला साताऱ्याच्या स्टँडवर कळलं. सांगलीहून आलेल्या गाडीतून उतरता उतरता एक जुने सहकारी म्हणाले, “मॅडम, वसंतराव गेले हो. हार्ट अटॅक.” मी “अरेरे” म्हणाले. त्यापलीकडे आत काही हललं नाही... वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहा असा निरोप आला, तेव्हा गोड लिहायचं नाही, एवढंच ठरवलं.

सत्तरच्या सुमारास आम्ही दोघं सांगलीत एकाच सरांकडे संशोधन करत होतो. तो मेढ्याकडचा, मी साताऱ्यातली. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाचा एकच कण येऊन आदळतो आणि कधीकधी दोघंही बाहेर फेकले जातात. हे किती वेळा घडेल, ते आम्हाला कागदावर काढायचं होतं. ते दोघं एकमेकांना ढकलतात म्हणूनच दुसरा सुटतो. बाहेर पडतानाही ते ढकलणं चालूच राहतं. ते धरून गणित करायचं म्हणजे मरण! हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर माझा खांदा भरून यायचा. वसंताने बाहेर पडतानाचं ढकलणं सोडूनच दिलं. त्याऐवजी केंद्रकाचा प्रभार, जो खरं तर ठरलेला असतो, तो असा काही कमीजास्त करायचा, की उत्तर प्रयोगाशी बरोब्बर जुळावं. माझं उत्तर प्रयोगापेक्षा बरंच खाली येत होतं.

विभागात सगळ्यांसमोर त्याने माझा आलेख आपल्या आलेखाशेजारी टांगला. मी विचारलं, “हा प्रभार आणलास कुठून?” तो हसला. “कुसुमताई, निसर्गच तुमच्या विरुद्ध हाय, त्याला मी काय करू?” सगळे हसले, सरही हसले. माझा प्रबंध अडकला तो कायमचा. मी साताऱ्याला परतून पहिल्या वर्षाच्या मुलांना लंबक शिकवू लागले.

काही वर्षांनी परदेशात नवी मोजमापं झाली. प्रयोगातला आकडा खाली आला, माझ्या उत्तराच्या पुष्कळ जवळ. लगेच वसंताचा नवा निबंध आला. तोही बरोब्बर जुळणारा! सांगलीला गेले असताना तो कँटीनमध्ये भेटला. “वसंता, निसर्ग बदलला का रे?”

बशीत चहा ओतत तो म्हणाला, “न्हाई गं. प्रभार बदलला.” आणि खो खो हसला... ते हसू मी त्याला माफ केलेलं नाही. तो गेला म्हणून आज करणारही नाही.

तरी रीत म्हणून त्याच्या घरी भेटायला गेले. बाहेरच्या खोलीत त्याच्या फोटोशेजारी त्याचा तो पहिला आलेख चौकटीत लावलेला, त्यालाही हार घातलेला. त्याची आई खाली बसली होती. मला जवळ बसवून घेत म्हणाली, “तुमी संगं शिकलासा न्हवं? मला कायबी कळत न्हाई त्यातलं. लय मोठं काम केलं म्हनत्यात. खरं व्हतं का गं ते?”

इतकी वर्षं हाच प्रश्न कुणीतरी मला विचारावा म्हणून मी वाट पाहिली होती. उत्तर तोंडाशी आलं... तिच्याकडे बघवेना.

“रेघ फार सुरेख काढायचा, आई,” मी म्हणाले.

तिला तेवढं पुरलं. उठून तिने पदराने आलेखावरची काच पुसली, आणि हार जरा बाजूला सारला, मला रेघ नीट दिसावी म्हणून.