तक्रारीच्या फोनवर रेजिना

मिलवॉकीच्या टीव्ही स्टेशनात रेजिना नोवाकचा सगळा जन्म फोन घेण्यात गेला. पूर्वी लोक हवामान विचारत, नाहीतर कुस्ती किती वाजता लागते ते. सत्तर साल उलटलं आणि हसवणाऱ्या मालिकांना कंठ फुटला. जिथे करपलेल्या केकवर अर्धा तास हशा पिकायचा, तिथे युद्ध, गर्भपात, काळे-गोरे असं सगळं येऊन बसलं. लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तसला भाग असला की तक्रारी घ्यायला जादा बायका बसवत. वाद घालायचा नाही, घरचं बोलायचं नाही, ‘आपलं म्हणणं वर कळवते’ म्हणून फोन ठेवायचा, असा नियम. शिवाय पाठीमागे देखरेखीच्या बाई, मिसेस डॉयल, यांची गस्त.

रेजिनाला ते जड गेलं नाही. घरीही ती तेच करत होती, वाद न घालता ऐकून घेत होती. लेक जोॲनने मार्व्हिन या काळ्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा नवऱ्याने, कॅझने, डोक्यात राख घालून घेतली आणि लेकीला घर बंद केलं. आता नातू झाला होता. रविवारी त्याचा बाप्तिस्मा. कॅझ येणार नव्हता, आणि रेजिनाला ते फार लागलं होतं.

त्या मंगळवारच्या भागात एका गोऱ्या बापाच्या दारात काळा जावई येतो. भाग संपला आणि फोन सुरू झाले. अडीअडचणीला म्हणून घरच्या फ्रिजवर लावलेला रेजिनाच्या टेबलावरच्या फोनचा नंबर कॅझनेही फिरवला.

“काय थेर चालवलेत हे?”

मिसेस डॉयल अगदी पाठीशी उभ्या होत्या.

“सबंध भाग पाहिलात का, साहेब?” रेजिनाने विचारलं.

“साहेब काय! रेजी, मी कॅझ!”

“आलं लक्षात, साहेब. सबंध पाहिलात?”

“पाहिला! तो बाप म्हणजे नुसता दगड. पोरगा थंडीत हातात भांडं घेऊन उभा, आणि हा दार लावतो. अशी वागतात का माणसं?”

“वागतात, साहेब. गेल्या नाताळात आमच्याच पायरीवर एक जण उभा होता. बर्फात, खसखशीचा केक घेऊन.”

आपण जास्त बोललो, असं रेजिनाला वाटलं.

“आपलं म्हणणं वर कळवते,” ती कशीबशी म्हणाली.

“वर कशाला? जोॲनला कळव.”

“काय कळवू, साहेब?”

“रविवारी चर्चला किती वाजता यायचं, विचार तिला.”

“साडेदहा. आणि निळा कोट घाल, त्या तपकिरीला कसर लागलीय.”

“कुणाशी बोलतेयस गं?” मिसेस डॉयलनी दरडावलं.

“तक्रार होती,” रेजिना डोळे पुसत म्हणाली. “मिटली.”