क्यूवरची टोकं

सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनला आतला कोपरा टोकदार खोदता येत नाही. कापणारं हत्यार गोल फिरतं, त्यामुळे ते कितीही बारीक लावलं तरी कोपरा थोडा गोल राहतोच. एवढं साधं वाक्य मला एका दुपारी वाशीत चार लोकांसमोर बोलायचं होतं. ते बोललो नाही, याची लाज आजही वाटते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात साचे बनवणाऱ्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायचो. ती नोकरी सोडून एका बंद पडलेल्या प्रशिक्षण केंद्रातलं टेबलावर मावेल एवढं सीएनसी मशीन घेतलं आणि कोपरखैरण्याच्या घरात तळमजल्यावर मांडलं. फ्लॉपी घातली की हत्यार आपलं आपण लाकडात नक्षी खोदू लागायचं. सोसायटीतले लोक दारातून वाकून बघायचे. तेव्हा पत्रिकेपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत काहीही ‘कॉम्प्युटरने’ केलं म्हटलं की लोक माना डोलवत. मी तर आधीच हवेत असायचो.

वाशीत एक पूल पार्लर निघालं होतं. पूल खेळायच्या काठीला क्यू म्हणतात. पार्लरच्या मालकाला तिथल्या पहिल्या स्पर्धेसाठी सहा क्यू हव्या होत्या. जाड बाजूला शिसवी लाकूड आणि त्यात पत्त्यातल्या चौकटीसारखे शिंपल्याचे तुकडे बसवलेले. मी ऐटीत सांगून टाकलं, “सगळं कॉम्प्युटरवर होणार. माणसाचा हात लागणार नाही.”

पहिला नमुना घेऊन गेलो तर त्याने शेजारी एक परदेशी क्यू ठेवली. “बॉस, ह्याची टोकं बघा. सुईसारखी. तुमची तर साबणाची वडी वाटते.”

मी लाकूड ओलं होतं म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं.

त्याच आठवड्यात आमचा फुगलेला दरवाजा तासायला शेजारच्या बोनकोडे गावातले एक म्हातारे सुतार आले होते. मी त्यांना काका म्हणायचो. उभी हयात त्यांनी खाडीतल्या होड्या बांधल्या होत्या. आता होड्या बांधून घेणारं कोणी उरलं नव्हतं. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडकोकडून मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर त्यांच्या मुलाने इमारत उठवली होती, आणि तो बापाला पटाशीला हात लावू देत नव्हता. दरवाजा तासायलाही ते घरी न सांगताच आले होते. काकांनी माझा नमुना हातात घेतला, उजेडात फिरवला.

“हत्यार गोल फिरतंय, तं कोपरा गोलच निंगल. त्यान मशीनचा काय दोस?”

पिशवीतून त्यांनी बोटभर रुंदीची एक पटाशी काढली. जुन्या कानशीपासून त्यांनी स्वतः घडवलेली. तिची मूठ हाताने झिजून काळी पडली होती. दोन-तीन वेळा हलकेच दाबून त्यांनी एक कोपरा असा काढला की मी खुर्चीतून उठलोच.

मग रोज दुपारी ते यायला लागले. मशीन खोबणी खोदायचं, काका कोपरे काढायचे आणि शिंपल्याच्या तुकड्याला कानशीने तेवढंच टोक द्यायचे. तुकडा बसवून घासून झाला की डोळे मिटून जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. होडीची फळी ते अशीच तपासत. “नख अडकलं तं पानी शिरलं समज,” म्हणायचे. अडकलं तर तुकडा काढून पुन्हा. क्यू काही पाण्यात सोडायची नाहीये, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि त्यांचंच बरोबर होतं.

सहावी क्यू झाली त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट मागितली.

“बाला, त्या पार्लरवाल्याला एकदा सांगशील? टोकां म्या केली म्हनून.”

“सांगतो की. का हो?”

“माजा पोऱ्या तितं खेलाला जातं. मना म्हनतं, बाबा तुजं काम संपलं, आता लोकं हसतील. त्याच्या कानावर परूदे. मी सांगलेलं त्याना खरां वाटाचं नाय.”

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, हेही इथे लिहून ठेवतो.

क्यू द्यायच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून आले. लांबट पेटी मी धरतो म्हटलं तर त्यांनी ती दिलीच नाही. रिक्षात आडवी मांडीवर घेऊन बसले, पार्लरच्या जिन्यावरही त्यांनीच खांद्यावर घेतली. वर त्यांचा मुलगा कोपऱ्यातल्या टेबलावर खेळत होता. बापाला बघून तो चमकला, पण जागचा हलला नाही.

मालकाने पेटी उघडली आणि खूश झाला. “एक नंबर! हे सगळं कॉम्प्युटरने?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आत्ता खरं सांगितलं तर हा म्हणेल, मग तुझं मशीन काय कामाचं? “हो,” मी म्हणालो, “सगळं.”

तरी देवाने दुसरी संधी दिली. तिथे जाड चष्म्याचे एक वयस्कर खेळाडू बसले होते. त्यांनी क्यू डोळ्यांजवळ धरली आणि मान हलवली. “मशीनने एवढं टोक येत नाही. हा कसबी हात आहे. कोणाचा?”

खेळ थांबला होता. मुलगाही बघत होता. याहून सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल. उत्तर माझ्या शेजारी टोपी घालून उभं होतं.

“फिनिशिंग मी स्वतः करतो,” मी म्हणालो.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. आणि तेवढ्यावरही भागलं नाही. मालकाने काकांकडे बोट करून विचारलं, “हे कोण?” आधीच्या दोन थापा उघड्या पडतील या भीतीने तोंडातून निघून गेलं, “पेटी उचलायला आणलंय.”

मुलगा हातातली क्यू टेबलावर ठेवून पुढे आला. मान खाली घालून, दबक्या आवाजात म्हणाला, “बाबा, तू ह्यांच्याकडं हमाली करतंस?”

काकांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी पेटीची कडी लावत होतो. कडी आधीच लागलेली होती. “चल घरा,” ते मुलाला म्हणाले आणि त्याच्याबरोबर जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते नेहमीच्या वेळेला आले, पण बसले नाहीत. पटाशी टेबलावर ठेवली.

“टोकां तूच करतस ना? मंग ही तुना लागंल.”

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी ‘काका, बसा तरी’ म्हणेपर्यंत ते फाटकाबाहेर पोचले होते. मागे धावणं काही अवघड नव्हतं. मी धावलो नाही. बोनकोडं माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं, तिथेही गेलो नाही. उद्या जाऊ, असं रोज म्हणत राहिलो.

पार्लरवाल्याने आणखी क्यू सांगितल्या. मी पटाशी घेऊन बसलो. पहिल्या कोपऱ्याला लाकडाची ढलपी उडाली, दुसऱ्याला शिंपला फुटला. शेवटी गोल कोपऱ्यांच्या क्यू दिल्या आणि सध्या हीच फॅशन आहे म्हणून ठोकून दिलं. त्याने त्या घेतल्या. पुन्हा बोलावलं नाही.

महिनाभराने काकांचा मुलगा माझ्याकडे आला. भांडायला आला असेल म्हणून मी उठून उभा राहिलो, आणि खरं सांगायचं तर जरा सुटल्यासारखंही वाटलं. पण तो अदबीने बोलत होता.

“सर, एक रिक्वेस्ट होती. बाबांना परत वजन उचलायला बोलवू नका. त्यांचं वय झालंय. ते काय बोलत नाहीत, नुसते ओटीवर बसून असतात.”

बोलता बोलता त्याची नजर टेबलावर गेली. त्याने पटाशी उचलली, काळ्या मुठीवर अंगठा फिरवला.

“ही तर बाबांची. मी लहान असताना हिला हात लावला म्हणून मार खाल्लाय. ही तुमच्याकडं कशी?”

ही तिसरी संधी. समोर तो एकटाच होता, हसायला तिथे कोणी नव्हतं.

“दरवाजा तासायला आले होते ना,” मी म्हणालो, “तेव्हा विसरून गेले असतील.”

“बघा, विसरायला पण लागले,” तो हळहळला. रुमालात पटाशी गुंडाळून खिशात ठेवत म्हणाला, “देतो त्यांना. थँक्यू सर, जपून ठेवलीत.”