अण्णांचं नाव रामदास होतं

अण्णा काल गेले, आणि पहिली शिवी त्यांना श्रद्धांजलीच्या मेसेजमध्येच मिळाली.

माझ्या वडिलांचा फोन माझ्याजवळ होता. रिटायर्ड पोलिसांच्या ग्रुपवर वसंतकाकांनी टाकलं, "आपला पारध्या गेला. दिलदार माणूस. भावपूर्ण श्रद्धांजली."

मी लिहिलं, "काका, त्यांचं नाव रामदास होतं."

मग सुरू झालं.

"ताई, प्रेमानं म्हणायचो आम्ही."
"तो स्वतः हसायचा की."
"आता जातीचं नाव घेणं पण गुन्हा का?"
"ठाण्यात सगळ्यांनाच टोपणनाव असतंय, मनावर घेऊ नका."

असतं, खरंय. पण कुठं चोरी झाली की टोपणनावावरून बाकी कुणाचे भाऊ उचलून आणत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

आम्ही पारधी. पाचोडच्या पुढं आमची वस्ती. अण्णा वस्तीतले पहिले मॅट्रिक, पहिले पोलीस. आजी सांगायची, ते पहिल्यांदा खाकी घालून आले तेव्हा अर्धी वस्ती ज्वारीत पळाली. आपलाच रामदास आहे कळल्यावर एकेक जण परत आला.

वसंतकाका त्यांच्याच बॅचचे. जिल्ह्यातल्या एका ठाण्यात दोघं बरोबर होते. मुकुंदवाडीत आम्हाला कुणी खोली देत नव्हतं. गाव विचारायचे, जात विचारायचे, मग "आम्ही कळवतो" म्हणायचे. तेव्हा मालकाला शब्द देऊन खोली मिळवून दिली ती वसंतकाकांनीच. मला सायकल शिकवली तीही त्यांनीच.

हे मुद्दाम लिहितेय. परक्यानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

मी दहावीत होते. बाजारपेठेत एका सराफाचं दुकान फुटलं. साहेबांनी अण्णांना बोलावलं.

"रामदास, मी जीप घेऊन वस्तीवर गेलो की पोरं पळतेत. मग मारहाण होती. त्यापेक्षा तू जा, समजावून आण. विचारपूस करतो, संध्याकाळी सोडतो. माझा शब्द हाय."

वसंतकाका बाजूला उभे होते. म्हणाले, "मी येतो की सोबत."

वस्तीवर अण्णांचा धाकटा भाऊ भिवा अडून बसला. "दादा, ठाण्यात गेलेलं माणूस धड परत येतंय का?"

"मी हाय ना तिथं. माझ्यावर भरोसा नाय का तुझा?"

भिवाकाका उठले आणि जीपमध्ये बसले. ते बसले म्हणून बाकीचेही बसले.

ठाण्यात पोचल्या पोचल्या साहेबांनी अण्णांना बंदोबस्ताला पाठवलं. जाताना अण्णा वसंतकाकांना म्हणाले, "भिवाकडं बघ."

"जा तू. बिनघोर जा."

अण्णा परत आले तेव्हा भिवाकाकांचा डावा हात कोपरात मोडला होता. कबुली लिहून तयार होती. मारताना पाय कुणी धरले होते, ते भिवाकाकांनी सांगितलं.

वसंतकाकांनी.

साहेब अण्णांना म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. तुझ्या लोकांची जात तुला माहिताय. तू वेगळा हायेस."

अण्णा म्हणायचे, नोकरीत एवढं वाईट कधी कुणी बोललं नाही.

पुढच्याच आठवड्यात माल सराफाच्या सख्ख्या भाच्याकडं सापडला. त्याला खुर्ची दिली, चहा दिला, मग जबाब घेतला. त्याच्या अंगाला कुणी बोट लावलं नाही.

भिवाकाकांना सोडलं. हात वाकडाच बसला.

अण्णांनी साहेबांविरुद्ध तक्रार केली. स्वतःच्या ठाण्याविरुद्ध. डोळ्यांनी पाहिलेला, पोलिसांतला साक्षीदार एकच. तो आमच्या घरी आला, जेवला आणि आईला म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. खरं हाय तेच सांगनार."

चौकशीत वसंतकाकांनी सांगितलं, "मी त्या वेळेस ठाण्यात नव्हतो. पारधी पळताना पडला असंल."

अण्णा घरी आले आणि बुटासकट खाटेवर बसून राहिले. आईनं पाणी दिलं, ते हातातच राहिलं.
"वसंता माझ्याकडं बघत नव्हता," एवढंच म्हणाले. "भिंतीकडं बघून बोलला."

चौकशी बंद झाली. अण्णांची मुख्यालयात गार्ड ड्युटीवर बदली झाली, रिटायर होईपर्यंत तिथंच. वस्तीनं त्यांना तोडलं. लोक म्हणाले, ह्याला नोकरी दिलीच आपल्या माणसांना आणून द्यायला. दर दिवाळीला अण्णा वस्तीवर जायचे. भिवाकाका घरात घ्यायचे नाहीत. बाहेर बसून परत यायचे.

आणि हो, ते हसायचे. मी एकदा चिडून विचारलं होतं, "तुम्हाला पारध्या म्हणतात आणि तुम्ही हसता कशाला?"

"नाय हसलो तर म्हणतेत, बघा, जातीवर गेला."

आज सकाळी स्मशानात वसंतकाका आले. हार घेऊन, पांढरे कपडे घालून. गाडीतून तिरडी उतरवताना खांदा द्यायला पुढं झाले.

वस्तीवरून भिवाकाका आले होते. मला वाटलंच नव्हतं येतील म्हणून. ते मध्ये उभे राहिले. हळूच म्हणाले, "तुमी नको."

वसंतकाका मागं सरले. त्या जागी भिवाकाकांनी खांदा दिला.

नंतर मी भिवाकाकांजवळ जाऊन बसले. विचारलं, "काका, माफ केलं का अण्णांना?"



"नाय. त्यानं नेलं म्हणून गेलो व्हतो मी. ते कसं इसरू?"
मग म्हणाले, "पर तो खोटं नाय बोलला मला. त्याला खोटं सांगितलं त्या लोकांनी. हे मला कळत व्हतं, लई वर्सं कळत व्हतं. बोललो नाय."

अण्णा, हे एक वाक्य तुम्हाला जिवंतपणी ऐकायला मिळायला पाहिजे होतं.

उशिरा का होईना, तुमच्यापर्यंत पोचवतेय.

तुमच्या लेकीचा शेवटचा नमस्कार.